टॅडपोल बाटलीत भरून सोलापूरला आणू नका

‘आंबोलीचे दुर्मिळ बेडूक संपत चाललेत. घाटात गेलात तर डबक्यातले टॅडपोल (बेडकाची पाण्यातली शेपटीवाली पिल्लं) बाटलीत भरून आणा आणि सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला सोडा. प्रजाती वाचेल, डासही जातील.’ पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो घरच्या ग्रुपवर आला आणि भाचा विचारतोय, एक लिटरची बाटली पुरेल का! म्हणून हा खटाटोप.

त्या दुर्मिळ बेडकांपैकीच एक आंबोली टोड. तो जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, पहिल्या पावसाने साचलेल्या बोटभर पाण्यात अंडी घालतो. तिथे मासे नसतात, हीच त्या डबक्याची खरी किंमत. ते टॅडपोल बंद बाटलीत, गाडीच्या उकाड्यात ठेवले की त्यांच्याच घाणीने पाणी नासतं, प्राणवायू संपतो. वाटेत नळाचं पाणी ओतलंत तर त्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. एवढ्यातून वाचलेल्यांपुढे तलावातले मासे असतात. शिवाय आपल्याकडच्या मोठ्या पिवळ्या बेडकाचे, म्हणजे बुलफ्रॉगचे, टॅडपोल मांसाहारी. ते दुसऱ्यांचे टॅडपोल खातात. आणि हो, डासांच्या अळ्यासुद्धा खातात. म्हणजे ज्या कामासाठी आंबोलीहून पाहुणे आणायचे, ते काम करणारा गडी आपल्या गावात आधीच आहे.

त्यातही जगलाच एखादा, तर पुढे काय? आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आपल्याकडे जेमतेम साडेपाचशे. वर एप्रिल-मेचं बेचाळीस अंशांचं ऊन. ओल्या कातडीवर जगणाऱ्या जिवाला हे झेपायचं नाही.

एक मान्य करतो. सड्यावरचं डबकं मध्येच सुकलं तर त्यातले पुष्कळ टॅडपोल मरतात, हे खरं. पण ते या टोडच्या जगण्यात धरलेलंच आहे. बाटलीने मात्र मरणाबरोबर रोगही हलतो. काइट्रिड ही बेडकांना रोग लावणारी बुरशी टॅडपोलच्या तोंडाच्या कठीण भागावर बसते, पाण्यातून पसरते, आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवर ती सापडलेली आहे. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकातल्या २०१९च्या अभ्यासात या रोगाने जगभरात ५०१ उभयचर प्रजाती घटल्याची आणि त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्याची नोंद आहे. आता सांगा, कुठलं पाणी कुठे ओतायचं?

‘दरवर्षी नवे बेडूक सापडतात, म्हणजे संख्या वाढतेय’ हे मेसेजचं शेपूट. आंबोली टोडला शास्त्रीय नाव २००९ साली मिळालं. तो तिथे आधीपासूनच ओरडत होता. नराचा आवाज, शरीराची मापं, डीएनए आणि संग्रहालयातले जुने नमुने ताडून प्रजाती वेगळी ठरते. त्यात मोजदाद नसते. ‘बेडकाला तलाव लागतोच’ हेही चूक. सह्याद्रीतल्या झुडपी बेडकांच्या अंड्यांतून थेट छोटे बेडूकच बाहेर येतात, टॅडपोलची पायरीच नाही.

आंबोलीला जरूर जा. निघण्याआधी बुटांचा चिखल ब्रशने काढा आणि बूट कडकडीत वाळवा, ही बुरशी कोरडेपणात मरते. सड्यावरच्या डबक्यात पाय घालू नका. डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडूक धरू नका, ते कातडीतून आत जातं. पहिल्या पावसाच्या रात्री गाडी हळू हाका, कारण टोड रस्त्यावर उतरतात आणि चाकाखाली जातात. दिसलाच तर पाठीचा आणि बाजूचा फोटो काढा, आवाज रेकॉर्ड करा. बाटली पिण्याच्या पाण्याला ठेवा.