ब्राउझर म्हणतो, 'कळवतो'

एखादा व्हिडिओ तुला दाखवता येईल का, असे ब्राउझरलाच विचारण्याची सोय एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेच्या नियमांत करून ठेवलेली आहे. 'कॅन प्ले टाइप' नावाच्या या प्रश्नाला तीनच उत्तरे मिळू शकतात: 'प्रॉबेब्ली', 'मेबी' आणि रिकामी ओळ. ठाम होकाराची तरतूदच नाही. अनुकूल असले तर 'पत्रिका पाहून कळवतो' म्हणायचे आणि नकार द्यायचा असला तर काहीच कळवायचे नाही, ही मुलाकडच्या मंडळींची रीत जागतिक तंत्रमानकात इतक्या नेमकेपणाने उतरलेली पाहून मला त्या मानककर्त्यांविषयी आपुलकी वाटते. फाइल प्रत्यक्ष उघडल्याखेरीज खात्री देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटतेही. परंतु आमच्या अध्यक्षांना ते पटवणे मला जमलेले नाही.

आमच्या मंडळाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आहे. वार्षिक समारंभात अध्यक्षांचा सत्कार झाला, चिटणीसांच्या पुतण्याने तो आपल्या नव्या फोनवर टिपला आणि मी तो संकेतस्थळावर चढवला. संध्याकाळी अध्यक्षांचा फोन आला. "अहो, माझे भाषण स्पष्ट ऐकू येते आहे, पण मी कुठेच दिसत नाही!" उपाध्यक्षांच्या मोबाइलवर मात्र सारे व्यवस्थित दिसत होते आणि भाषण जरा लांबल्याचेही त्यांच्या लक्षात आले होते. त्यानंतर अध्यक्षांनी या प्रकरणाकडे तांत्रिक बाब म्हणून पाहणे सोडून दिले.

वस्तुतः बाब तांत्रिकच होती. फाइलच्या नावापुढे एमपी४ लिहिलेले असले, तरी ते केवळ वेष्टनाचे नाव असते. आतले चित्र कोणत्या कोडेकने, म्हणजे आवळण्या-उलगडण्याच्या कोणत्या पद्धतीने, आवळले आहे, ते त्यावरून समजत नाही. पुतण्याच्या फोनने ते २०१३ साली आलेल्या एचईव्हीसी या पद्धतीने आवळले होते. तिच्यामुळे फाइल लहान होते. मात्र तिच्या पेटंटची फी मागणारे गट एकाहून अधिक असल्याने ब्राउझर तयार करणाऱ्यांपैकी अनेकजण तिच्यापासून बरीच वर्षे चार हात दूर राहिले. क्रोमने तिला २०२२ साली आत घेतले, तेही यंत्रातील हार्डवेअर तिचा भार उचलणार असेल तरच. अध्यक्षांच्या संगणकाला आवाजाचा कोडेक ठाऊक होता, चित्राचा नव्हता. म्हणून त्याने जेवढे जमले तेवढे इमानाने सादर केले.

या भानगडीचे मूळ २००७ सालात आहे. एचटीएमएल ५च्या मसुद्यात तेव्हा असे एक वाक्य होते, की ब्राउझरांनी ऑग थिओरा हा कोणत्याही फीविना वापरता येणारा व्हिडिओचा प्रकार चालवावा. नोकिया आणि ॲपल यांनी त्यास हरकत घेतली. फुकट वाटल्या जाणाऱ्या त्या प्रकाराला नोकियाने आपल्या निवेदनात चक्क 'मालकीचे तंत्रज्ञान' ठरवले, आणि हा युक्तिवाद करणाऱ्याचे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत सोने झाले असते, असे मला राहून राहून वाटते. वर्ष सरण्यापूर्वी ते वाक्य गेले. पुढे २००९ साली, सर्वांना मान्य होईल असा एकही कोडेक नाही, हे मानकाचे संपादक इयन हिक्सन यांनी जाहीरपणे सांगून टाकले. मग फायरफॉक्सने थिओरा धरला, ॲपलच्या सफारीने पेटंटची फी लागणारा एच.२६४ हा कोडेक धरला, आणि क्रोमने दोन्ही घराण्यांशी सोयरीक ठेवली.

गूगलने २०१० साली ऑन२ ही कंपनी विकत घेऊन व्हीपी८ हा कोडेक आणि वेबएम हे वेष्टन खुले केले, आणि जानेवारी २०११मध्ये क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणा केली. ती अद्याप अमलात यायची आहे. फायरफॉक्सवाल्यांनी तत्त्वासाठी बराच काळ कळ सोसली. अखेरीस त्यांनी यंत्रात आधीच असलेल्या एच.२६४च्या सोयीचा आधार घेतला, आणि २०१३ साली सिस्को कंपनीने, व्हिडिओ कॉलसाठी लागणाऱ्या एच.२६४ची फी आम्ही भरतो, तुम्ही आमचे तयार मॉड्यूल घ्या, असे सांगून त्यांची सुटका केली. तत्त्वही राहिले आणि व्हिडिओही दिसू लागला, असा प्रसंग सार्वजनिक जीवनात विरळाच. त्यानंतर बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन २०१८ साली एव्ही१ हा विनाशुल्क कोडेक काढला. त्या आघाडीत ॲपलही आहे. तरीही ज्या यंत्रात त्यासाठीचे हार्डवेअर आहे, तेथेच सफारी तो दाखवते. या प्रकारास आमच्याकडे तत्त्वतः पाठिंबा म्हणतात.

यावर उपाय असा, की एकाच सत्काराच्या तीन फायली तयार कराव्यात आणि पानाच्या एचटीएमएलमधल्या 'व्हिडिओ' या खुणेत (टॅगमध्ये) त्या एकाखाली एक मांडाव्यात; ब्राउझर वरून खाली येत जातो आणि आपल्याला झेपेलसे वाटते ती पहिली फाइल उचलतो. पुढे मागे पस्तावला, तर ते त्याचे नशीब आणि माझा फोन. म्हणून पहिली एव्ही१ची, दुसरी वेबएमची आणि तळाशी २००३ सालची एच.२६४, जिच्यावरून इतकी वर्षे रणे माजली आणि जी आज बहुतेक सर्वत्र निमूट चालते. एव्ही१ची फाइल बनवताना माझा लॅपटॉप रात्रभर घरघरत होता. सकाळी अध्यक्ष पडद्यावर अवतरले आणि त्यांनी प्रथम उपाध्यक्षांना फोन केला.

खजिनदारांनी मात्र सर्व्हरच्या जागेचे देयक पाहून पुढच्या सभेत विचारले, "सत्कार एकाचा, मग व्हिडिओ तीन कशाला?" मी २००७ सालापासून सुरुवात केली. क्रोमच्या घोषणेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्च 'किरकोळ' या सदराखाली एकमताने मंजूर झाला.