कलमं मोजणारा माणूस येतो तेव्हा

फॉरेन्सिक ऑडिटर येणार म्हटल्यावर आमच्या वाडीत आधी सगळ्यांना वाटलं, कोणीतरी गेलं. तसं काही नसतं. हा मुडदा नाही, हिशेबाची वही फाडतो, आतली लबाडी हुडकायला. आणि तुमची वही तर स्वच्छ! होमस्टेची सगळी कमाई तुम्ही आंब्याच्या नावावर घातलीत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यात हापूसला 2018 पासून भौगोलिक मानांकन. कर चुकवायचाच तर मानांकनासकट चुकवावा.

आकडा मात्र दणदणीत टाका. सातबाऱ्यावर 20 गुंठे आहेत? 5,000 पेट्या दाखवा. तो माणूस खवट असतो, कागद पुढे ओढून मांडायला लागेल: दहा-दहा मीटरवर एक, म्हणजे 20 गुंठ्यांत कलमं 20. पेटी पाच डझनाची धरली तर फळं 3 लाख, एका कलमाला 15,000. मोसम अडीच महिन्यांचा, म्हणजे एकेका झाडावरून रोज 200 आंबे. तुम्ही डगमगू नका. आजोबांच्या हातची कलमं आहेत म्हणा.

सगळ्यात जास्त पीक 2021 चं दाखवा. त्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आंबा झाडाखाली आडवा केला, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण ऑडिटर घाटावरचा असू शकतो. (पंचनामा करून नुकसानभरपाई घेतली असेल तर तो कागदही याच फायलीत लावा. पाहुण्याला शोधाशोध नको.)

खताची बिलं एकाच रात्री, एकाच निळ्या पेनाने लिहून काढा. जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला. तुमच्या 2016 च्या बिलावर त्याचा नंबर छापलेला असला तर कोकणी माणसाची दूरदृष्टी दिसते. रकमा मनाच्याच टाकायच्या तर 7 आणि 9 ने सुरू होणाऱ्या टाका, भारदस्त वाटतात. बेनफर्डच्या नियमाप्रमाणे म्हणे खऱ्या हिशेबात साधारण 30 टक्के आकडे 1 ने सुरू होतात, 9 ने पाच टक्केसुद्धा नाहीत. असेल. त्या बेनफर्डने कधी आमचा खतवाला पाहिलाय?

आणि भिंतीवरचा क्यूआर कोड राहू द्या तसाच. आंब्याचे म्हणून दाखवलेले पैसे खात्यात पडलेत 25 ते 31 डिसेंबरला, कलमं मोहोरत असताना. एका पेमेंटच्या शेऱ्यात तर चक्क ‘एसी रूम, सुरमई थाळी 4’ असं लिहिलंय. हापूसची ही जात नवीन आहे, एवढंच सांगा.

सीए म्हणेल, अपडेटेड रिटर्न भरून मोकळे व्हा, जादा कर बसेल पण सुटाल. सीए बदला. उत्पन्न खोटं दाखवल्याचं ठरलं तर चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड आहे, पण तो आपल्याला थोडाच होणार? आपण साहेबांना पेटी पाठवतो. आता फेसलेस पद्धतीत साहेब कुठल्या गावी बसलेत ते कळत नाही आणि पोर्टलवर फक्त पीडीएफ चढते, ही अडचण आहे खरी. पेटी स्कॅन होते का बघा.

नाहीच झाली तर देवळात गाऱ्हाणं घाला. “बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान कागदार एका कलमाक 15 हजार आंबे लावले, ते औंदा झाडार लागांदे रे म्हाराजा!” ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला अख्खी वाडी येईल. फक्त नाताळात ज्यांचं बुकिंग तुम्ही पळवलंत ते शेजारी येणार नाहीत. आयकर खात्याला पत्र कोणी धाडलं, ते त्यांना विचारू नका.