माझ्याकडे तर चालतंय

फेब्रुवारीत मामाकडे गेलो होतो, निफाडकडे, द्राक्षं खायला म्हणून, आणि येताना डोक्याला ताप घेऊन आलो. मामाची बाग आहे आणि सोबत थोडा कांदा पण. त्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या तो बिस्किटाच्या जुन्या डब्यात कोंबून ठेवतो, म्हणजे किती क्विंटल, काय भाव लागला, त्यातनं हमाली गेली, तोलाई गेली, वाराई गेली, शेवटी हातात किती. मागच्या वर्षी मी हौसेने पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता, पट्ट्या टाकायच्या आणि तो सगळी बेरीज-वजाबाकी करून सीझनचा हिशोब देतो. 212 ओळी. माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतो.

तो शेजारच्यांच्या पोराने बघितला. नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "दादा, मला पण पाठव ना, पप्पांच्या पट्ट्या पण अशाच पडल्यात." मी म्हटलं पाठवतो की, त्यात काय.

नाशिकला सिडकोत घरी पोचल्यावर झिप करून व्हॉट्सॲपवर टाकला आणि जेवायला बसलो. पहिला घास तोंडात आणि फोन. "दादा, फाइल सापडत नाही म्हणतोय." मी म्हटलं कुठली फाइल? तर त्याने पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, वाचून दाखवला, होम, मग माझं नाव, मग डेस्कटॉप, मग "नवीन फोल्डर 3", त्यात "फायनल", त्यात "फायनल खरं". आई समोर बसून ऐकत होती, स्पीकरवर होता फोन. पोरगं बिचारं शांतपणे म्हणालं, "दादा, तुमचा डेस्कटॉप माझ्याकडे कुठून येणार?"

यावर मी ते वाक्य बोललो जे प्रत्येक प्रोग्रामर बोलतो, "माझ्याकडे तर चालतंय रे."

पाथ बदलला. मग म्हणे लायब्ररी नाही, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जो माझा प्रोग्राम वापरतो. मी पिप फ्रीझ, म्हणजे काय काय इन्स्टॉल आहे ते सांगणारी कमांड, मारून यादी पाठवली तर ती 143 ओळींची निघाली, कारण मी तीन वर्षात जे जे इन्स्टॉल केलं होतं ते सगळं एकाच ठिकाणी, त्यात कधीतरी रात्री दोन वाजता सापाचा गेम बनवायला घेतलेली लायब्ररी पण. कांद्याच्या हिशोबाला लागत होत्या फक्त दोन.

तेही झालं आणि मग आला खरा राक्षस. "दादा, चारमॅप काहीतरी येतंय, बाइट 8डी डिकोड होत नाही म्हणतोय." यात माझी अख्खी रात्र गेली. माझ्याकडे उबंटू, त्याच्याकडे विंडोज. फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर हे, सांगितलं नाही की विंडोजवर पायथन जुना 1252 नंबरचा तक्ता धरून बसतो, आणि त्या तक्त्यात 8डी हा खाना रिकामा आहे. आता माझी फाइल यूटीएफ-8 या दुसऱ्या तक्त्यातली, त्यात आपल्या हलंताचे तीन बाइट असतात आणि त्यातला शेवटचा नेमका हा 8डी! म्हणजे नुसतं "हमाली" असतं तर गडी काहीतरी चित्रविचित्र अक्षरं दाखवून पुढे गेला असता, पण "क्विंटल" मध्ये जोडाक्षर आलं आणि तिथेच बसला. पहाटे तीन वाजता एकटाच हसत होतो. दुरुस्ती काय, तर फाइल उघडताना यूटीएफ-8 असं लिहायचं, एवढंच. एका हलंताने माझी झोप खाल्ली.

मग ठरवलं की बस झालं व्हॉट्सॲप, आता नीट पॅकेज करून पायपीआयवर टाकायचं, म्हणजे पायथनवाले जगभरातनं आपापला माल जिथे ठेवतात त्या गोडाऊनमध्ये. पोरगं पिप इन्स्टॉल म्हणेल आणि विषय संपला. गंगापूर रोडला मिसळ खाताना मित्राला विचारलं, तो पापड मोडत म्हणाला, "दहा मिनिटाचं काम आहे भो." (हा मित्र फ्लॅटचं पझेशन पण दोन महिन्यात मिळेल म्हणालेला.)

पहिली मारामारी नावावर. हवं होतं ते पहिलं नाव कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. देवनागरी चालत नाही. शेवटी इंग्रजी अक्षरात कांदा-पट्टी ठरलं, मधे डॅश. तर कळलं की इन्स्टॉल डॅशने करायचं पण इम्पोर्ट, म्हणजे कोडमध्ये बोलावणं, अंडरस्कोरने, कारण पायथनला डॅश म्हणजे वजाबाकी वाटते, कांदा वजा पट्टी. तसं ते चूक पण नाही म्हणा.

मग पॅकेजची माहिती कुठल्या फाइलमध्ये द्यायची, तर जुने व्हिडिओ सांगतात सेटअप डॉट पाय लिहा, नवे सांगतात पायप्रोजेक्ट डॉट टॉमल लिहा, आणि मी दोन्ही लिहिलं, आणि दोन्हीत व्हर्जन वेगळं टाकलं. लायसन्स एमआयटीचं घेतलं, छोटंसं असतं, त्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय की माल जसा आहे तसा, कसलीही गॅरंटी नाही. मामाला वाचून दाखवलं. म्हणाला, "आमच्याकडे पण असंच, पण गाडी खाली केल्यावर व्यापारी भाव पाडतो ते कुठे लिहिलंय यात?"

त्या रविवारी त्याच्याच पॅकहाऊसला बसलो होतो लॅपटॉप घेऊन. समोर बाया ओळीने बसलेल्या, एकेक घड उचलायचा, छोट्या कात्रीने फुटका मणी, बारका मणी काढायचा, घड फिरवून परत बघायचा, पाऊचमध्ये ठेवायचा, मग खोकं, मग वजन, मग लेबल. एका घडाला मिनिटभर तरी. मी मामीला म्हटलं केवढं काम आहे हे. ती म्हणाली, "बागेत काय, कोणीपण तोडून खातं." आणि माझ्याकडे न बघता पुढचा घड उचलला.

मी गप माझी व्हील फाइल उघडली. पायथनच्या पॅकेजला व्हील म्हणतात, आणि ती असते साधी झिपच, उघडून बघता येते. बघितली तर आत दरांची सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल, तीच नाही! हमाली, तोलाईचे दर त्यातच तर होते. माझ्याकडे चालत होतं कारण मी त्याच फोल्डरमध्ये बसून टेस्ट करत होतो जिथे ती फाइल पडलेली होती. पुन्हा तेच, माझ्याकडे तर चालतंय.

पण हे कळलं कधी, तर 0.1.0 अपलोड करून झाल्यावर. त्याआधी अकाउंट, टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत अजून एक खात्री (2024 पासून सगळ्यांना कंपल्सरी), मग टोकन, म्हणजे अपलोडची गुप्त किल्ली, जे एकदाच दाखवतात आणि मी टॅब बंद केला, मग दुसरं टोकन. सरावाला टेस्ट पायपीआय म्हणून वेगळी साइट आहे, तिचं अकाउंट वेगळं, टोकन वेगळं, आणि मी इकडचं टोकन तिकडे लावून अर्धा तास 403, म्हणजे "परवानगी नाही", बघत बसलेलो. एवढं करून चढवलं तर आत सीएसव्ही नाही. म्हटलं डिलीट करून परत टाकू. नाही! एकदा वापरलेलं फाइलचं नाव डिलीट केलं तरी परत मिळत नाही, नवा नंबर घ्या. त्या एका संध्याकाळी मी 0.1.5 पर्यंत पोचलो आणि ते सगळे नंबर आता तारखेसकट जगाला दिसतात, एका खाली एक.

मनाची समजूत म्हणून एक गोष्ट आठवली. 2016 मध्ये जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएम नावाच्या अशाच गोडाऊनमधनं लेफ्टपॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरात लोकांचे प्रोग्राम तयार होता होता धडाधड पडले. 11 ओळी! माझ्या 212 आहेत. दुसऱ्या दिवशी आकडा बघितला तर साठच्या वर डाउनलोड. आईला सांगितलं, तिने लगेच मावशीला फोन लावला. संध्याकाळी मित्र म्हणाला की नवीन पॅकेज आलं की मिरर (कॉपी ठेवणाऱ्या साइट) आणि स्कॅनर बॉट (तपासणारे प्रोग्राम) आपोआप उतरवून घेतात. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

पोराने मात्र खरंच इन्स्टॉल केलं, एका कमांडमध्ये, विंडोजवर, क्विंटलसकट. मला एवढा आनंद झाला की मी मामाला फोन केला. मामा म्हणाला चांगलं झालं, पण त्याच्या बापाची बेरीज बावीस रुपयांनी चुकतीये, मी पट्टीच्या मागे पेनाने करून बघितली, वाराई तू मागच्या वर्षीचीच लावलीस.

0.1.6 चढवतोय. टोकन कुठे ठेवलं ते शोधतोय आधी.