मागून काही येत नाही अशी एक तरी वाट वसईत ठेवा

आज सकाळी सनसिटी-गास रस्त्यावर जे बघितलं त्याने डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होईल, वेळ असेल त्यांनी वाचा.

सातच्या सुमारास लेकीला घेऊन सायकलवर गेले होते. वसईकरांना माहितीये तो रस्ता, दोन्ही बाजूला खाजण म्हणजे भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन, लांबवर तिवरं (खारफुटीची झाडं), सकाळी वॉकला आलेले आजी-आजोबा, सायकली शिकणारी पोरं. मध्येच दोन गाड्या शेजारी-शेजारी लावलेल्या, दारं उघडी, गाणी फुल्ल, एक जण गाडीच्या टपावर चढून रील काढतोय. तिसरी गाडी मागून हॉर्न मारत आली आणि समोरची शाळकरी मुलगी घाबरून सायकलसकट रस्त्याच्या कडेला चिखलात उतरली. मी त्या हॉर्नवाल्याला थांबवून बोलले तर काच खाली करून म्हणतो, "मॅडम, सायकलसाठी गार्डन असतं." गार्डन! जिच्या आजोबांनी याच पट्ट्यात शेती केली असेल त्या मुलीने गार्डनमध्ये गोल गोल फिरायचं आणि याने खाजणातून गाडी उडवायची.

तेव्हापासून आत्या आठवतेय.

माझी आत्या बोरिवलीला असते, चौसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात. गेल्या थंडीत आमच्याकडे आली होती. भुईगावच्या किनाऱ्यावर गेलो, ओहोटी होती, पाणी पार आत गेलेलं, ओली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, अशी घट्ट की चाकाचा नुसता ओरखडा उठतो. लेकीची सायकल बघून म्हणाली दे गं जरा. लग्नानंतर तिने सायकलला हात लावलेला नव्हता. आम्ही सगळे नको नको म्हणतोय आणि तिने पदर खोचला, टांग टाकली, दोनदा डुगडुगली आणि गेली की सरळ! सुरूच्या बनाच्या कडेकडेने इतकी लांब गेली की आम्हाला हाका माराव्या लागल्या. परत आल्यावर तिला विचारलं, एवढ्या वर्षांनी जमलं कसं? तर म्हणाली, "अगं, मागून काही येत नाही ना, म्हणून जमलं."

ही सगळी पोस्ट या एका वाक्यासाठी आहे.

कारण दुसऱ्या दिवशी काय झालं? तीच सायकल घेऊन ती घरापासून बाजारापर्यंत निघाली, फाटकाशी उभी राहिली, दोन रिक्षा, एक पाण्याचा टँकर, एक उलट्या बाजूने येणारा टेम्पो एवढं बघितलं आणि सायकल परत आत आणून लावली. काही बोलली नाही. मी पण काही बोलले नाही, पण फार वाईट वाटलं, कारण हीच बाई शाळेत असताना खाजणाच्या बांधावरून सायकलने जायची आणि तिचा बाप, म्हणजे माझे आजोबा, त्याच वाटेने पहाटे अंधारात कॅरिअरला फुलांची करंडी बांधून स्टेशन गाठायचे, दादरच्या फुलबाजारात माल वेळेत पोचावा म्हणून. तेव्हा याला कुणी सायकल ट्रॅक म्हणत नव्हतं.

मला सांगा, आपल्यासारखं गाव किती ठिकाणी आहे? बारा-पंधरा किलोमीटरच्या आत सोपाऱ्याचा स्तूप आहे, जो भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये खणून काढला, जिथे अशोकाचे शिलालेख मिळाले. निर्मळचं तळं आणि शंकराचार्यांची समाधी आहे. अर्णाळ्याचा पाण्यातला किल्ला आहे. आणि वसईचा किल्ला, दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे असलेला, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी एवढी माणसं गमावून घेतलेला, ज्याच्या चर्चमधल्या घंटा आजही भीमाशंकरला आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या आहेत. मधे सगळा सपाट मुलूख, चढ म्हणून नाही! वाड्या, बावखलं (आपल्याकडची गोड्या पाण्याची तळी), मिठागरं, खाजणं, किनारा. सायकलसाठी याहून चांगली जमीन कुठली? आणि आपण काय करतो, तर सायकल गाडीत घालून हायवेला जातो आणि तिथे ट्रकच्या शेजारून हाणतो, कारण "इथे ट्रॅफिक फार".

आता लगेच कमेंटमध्ये कुणीतरी लिहील की आपल्याकडे पण सायकल ट्रॅक व्हायला हवा, नगरसेवकाला सांगूया. नको! हात जोडून सांगते, नको. ट्रॅक म्हटलं की आधी भराव येतो, मग पेव्हर ब्लॉक, मग रंगीत दिवे, मग सेल्फी पॉइंट, मग गाड्यांना पार्किंग हवं म्हणून अजून भराव. मुंबईत बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) केलेल्या ट्रॅकचं काय झालं ते बघितलंय ना आपण? तिथे निदान डांबराच्या शेजारी केला होता. इथे खाजणात केला तर तिवरं जातील. 2018 मध्ये हायकोर्टाने स्पष्ट सांगितलंय की तिवरं तोडणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे आणि त्यांच्या भोवती पन्नास मीटर मोकळे ठेवा. त्याच वर्षी जुलैमध्ये वसईत काय झालं ते विसरलात का? मिठागरातली कुटुंबं पाण्यात अडकली होती, लोकल बंद, वीज बंद. उधाणाची भरती आणि वरून पाऊस, दोन्ही एकत्र आले की ते पाणी पोटात घ्यायला हीच खाजणं असतात, ती भरून टाकली की पाणी आपल्या तळमजल्यावर येणार, दुसरीकडे जाणार कुठे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन काही बांधू नका. ज्या वाटा आहेत, आजोबांच्या काळापासून आहेत, त्यांच्यावरून फक्त गाड्या काढा. दोन दगडी खांब रोवायचे, मधून सायकल जाईल, गाडी जाणार नाही एवढी जागा ठेवायची. याला टेंडर लागत नाही, कन्सल्टंट लागत नाही.

हो, किल्ल्याजवळच्या किल्लाबंदर, पाचूबंदरच्या कोळी बांधवांना बर्फाचे, मासळीचे टेम्पो लागतात, त्यांना कुणी अडवू नये, अॅम्ब्युलन्सला पण नाही, हे मान्य. शेतावर जाणाऱ्याची ट्रॅक्टर-टेम्पोची वाट बंद करायची नाही हे पण मान्य. आणि 2024 पासून भाईंदरची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली, चाळीसेक किलोमीटरचा वळसा वाचतो, बरंच झालं की. पण त्यामुळे किल्ल्याच्या रस्त्याला गाड्या वाढल्या, मग जेट्टीला जाणाऱ्यांना जाऊ द्या ना, आत तटबंदीच्या कडेने, चर्चच्या अवशेषांपर्यंत गाडी कशाला न्यायची? प्री-वेडिंगवाल्यांनी चालत जावं, एवढे सुंदर कपडे घातलेत तर लोकांना बघू दे.

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी लावून सगळे निमूट गाडीशिवाय पुढे जातात. बायका, म्हातारी माणसं, हनिमूनवाले, सगळे. तिथे कुणी म्हणत नाही की माझ्या हक्काचं काय. मग भुईगावच्या पुळणीवर गाडी घालायची कशाला? भरती आली की ती रुतते आणि मग गावातल्या पोरांनी धावत जाऊन दोर बांधायचे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. खरं सांगू का, मला त्या गाडीवाल्या पोराचा एवढा राग नाही. तो बावीस-तेवीसचा असेल, एखाद्या बिल्डिंगीत वाढला असेल, त्याला कुणी सांगितलंच नसेल की हे पाणी साचलेलं डबकं नाही, खाजण आहे, ओहोटीला इथे शेकाटे पक्षी चिखलात उभे राहून खातात, थंडीत लांबून कुरव पक्षी येतात. त्याला वाटतं रिकामी जागा आहे. राग आपला येतो, आपल्या वयाच्या लोकांचा, ज्यांना माहिती होतं. फादर दिब्रिटोंनी हरित वसईसाठी केवढी वर्षं रान उठवलं, आपण सभांना गेलो, घोषणा दिल्या, आणि आता फादर नाहीत तर आपण फक्त त्यांचे फोटो शेअर करतो.

पक्षीमित्र मला म्हणतील की सायकलींची गर्दी झाली तरी पक्षी उडणारच. बरोबर आहे, थंडीत काही बांध पूर्ण बंद ठेवले तरी चालेल, मी स्वतः जाणार नाही. पण गाडीचा हॉर्न आणि सायकल यात फरक आहे हे तुम्ही पण नाकारणार नाही.

आत्याला काल फोन केला होता तेव्हा विचारत होती, दिवाळीनंतर येऊ का, ओहोटी सकाळची कधी आहे बघून ठेव. म्हणजे बाई तिथीवरून भरतीचा हिशोब मनात मांडतेय, भांगाची (लहान) की उधाणाची (मोठी)! तिला मी दर वेळी ओहोटी बघून समुद्रावरच न्यायचं का? निर्मळच्या तळ्यापर्यंत, गासपर्यंत, तिच्या जुन्या शाळेच्या वाटेवर ती जाऊ शकत नाही का? आणि ती आज चिखलात उतरलेली मुलगी, तिला घरच्यांनी उद्या सायकल दिली नाही तर?

तर ऐका. सुरुवात एका रस्त्याने करूया. सनसिटी-गास रस्ता, फक्त रविवारी, पहाटे पाच ते नऊ, गाड्यांना बंद, गावातल्या रहिवाशांना आणि अॅम्ब्युलन्सला सूट. अर्ज मी लिहिलाय, मराठीत, एक पान, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि ट्रॅफिक पोलिसांकडे दोन्हीकडे द्यायचाय. सही करायला येणाऱ्यांनी कमेंटमध्ये नाव आणि गाव लिहा. गासवाल्यांचं आधी ऐकायचंय, त्यांना अडचण होत असेल तर वेळ बदलू. नुसतं लाइक करून जाऊ नका प्लीज, या वेळी खरंच नको. सोमवारी साडेदहाला मी कार्यालयात जाणार आहे, बरोबर चार माणसं असली तर ते बसायला तरी सांगतात.