पाठीवर बसू नका

मावशीच्या फोनवर एक मजकूर आला आहे: ‘मनोरुग्ण बिथरला तर काय कराल?’ मावसभावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणून तिने तो जपून ठेवला आणि मला विचारलं, ‘हे खरं का रे?’ बहुतेक सगळं खोटं आहे, आणि त्यातला एक सल्ला जीव घेऊ शकतो. आधी तोच घेतो.

‘अशा माणसात दहा जणांचं बळ येतं, त्याला दुखत नाही. पालथा पाडून चौघांनी पाठीवर बसावं, पोलिसही हेच करतात. शांत झाला की सोडावं.’

पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुलत नाही. पोटही दबलेलं असतं, त्यामुळे श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला) खाली सरकायला जागा राहत नाही. तो श्वासासाठी धडपडतो. वर बसलेल्यांना ती धडपड म्हणजे मस्ती वाटते, म्हणून ते आणखी दाबतात. मग तो गप्प होतो, आणि हा मजकूर त्यालाच ‘शांत झाला’ म्हणतो!

२०१० साली लंडनच्या बेथलेम रॉयल हॉस्पिटलमध्ये ओलासेनी लुइस हा २३ वर्षांचा तरुण स्वतःहून उपचारासाठी गेला होता. तिथे अकरा पोलिसांनी त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ दाबून धरलं. तो बेशुद्ध पडला आणि काही दिवसांत गेला. चौकशीतल्या ज्यूरीने २०१७ मध्ये सांगितलं की वापरलेलं बळ अवाजवी होतं. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मनोरुग्णालयातल्या बळाच्या वापरावर कायदा झाला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. अकरा जण होते, तेही प्रशिक्षित, आणि रुग्णालयाच्या आवारात. मग घरातल्या चौघांकडून काय होईल?

‘दहा जणांचं बळ’ हीसुद्धा जुनी समजूत. अमेरिकेत पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंचं कारण म्हणून ‘एक्सायटेड डिलिरियम’ हे नाव वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं, म्हणजे माणूस इतका बिथरतो की त्याला अफाट बळ येतं आणि दुखत नाही, अशी कथित अवस्था. त्याला आधार देणारा स्वतःचाच २००९ चा अहवाल तिथल्या आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये मागे घेतला.

‘एक रात्र कोठडीत ठेवलं की ताळ्यावर येतो.’ हे सरळसरळ बेकायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम १०० वाचा. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, किंवा स्वतःला वा इतरांना धोका असलेला माणूस हद्दीत आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घ्यायचं. अटक करायची नाही. त्याची कारणं त्याला सांगायची. लवकरात लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचं. आणि कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. त्या कलमाला अपवाद नाही. ठाण्यात कोणी ‘रात्रभर इथेच राहू दे’ म्हणालं तर कलमाचा आकडा सांगा.

साखळीने बांधायचा सल्लाही त्यात आहे. त्याला याच कायद्याच्या कलम ९५ ने बंदी आहे. आणि ‘मनोरुग्ण म्हणजे हिंसक’? बहुतेक रुग्ण कुणाला बोटही लावत नाहीत, उलट तेच मार खातात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. हातात सुरी असेल, दारू किंवा नशेची भर पडली असेल, तर घरच्यांनी अंगावर जाऊ नये आणि पोलिसांना बोलवावं, हे त्या मजकुरात बरोबर आहे. पण ११२ वर काय सांगायचं, ते त्यात नाही. मावशी, पहिल्याच वाक्यात सांग की माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही. हत्यार आहे की नाही, कोणतं औषध चालू आहे, कधीपासून बंद आहे, तो कशाला घाबरतो आणि कुणाचं ऐकतो, हेही सांग. रुग्णवाहिकाही तेव्हाच माग. ते येईपर्यंत टीव्ही बंद कर, खोलीतली गर्दी हटव, एकानेच बोला, तेही हळू, आणि दाराची वाट मोकळी ठेव. वेळ तिथवर येण्याआधीच, झोप उडाली किंवा बडबड वाढली, की टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर, तो मोफत आहे.