कापूर वर्गणी, माणशी 110 रुपये

काल रात्री साडेदहाला टूरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज आला, 'कापूर वर्गणी माणशी 110 रु., सर्वांचे आभार, बाकी: 1' आणि त्या बाकी एकच्या पुढे माझं नाव, तेही टॅग करून. लडाखहून येऊन अजून थर्मल धुवून झालेले नाहीत आणि हा माणूस वसुलीला लागला. बरं मी त्या कापराची एक वडी हुंगली असती तर गोष्ट वेगळी. भरले मी. यूपीआयच्या रिमार्कमध्ये 'निषेध' असं लिहिलं, पण ते कोण वाचतंय.

ग्रुप टूर होती, सगळे मुंबई-ठाणे-पुण्याचे, टेम्पो ट्रॅव्हलर दोन, आणि माझ्या गाडीत काका. डोंबिवलीचे, निवृत्त, कमरेला पाऊच. पाऊचमध्ये करोनातला ऑक्सिमीटर, आणि मलमलच्या कापडाच्या हाताने शिवलेल्या पोटल्या, आत कापूर, ओवा, लवंग, विरळ हवेत हुंगायला. या पोटल्या काकांनी मुंबई विमानतळावर, बोर्डिंग गेटसमोर वाटल्या. मी म्हटलं नको, मला वासाने डोकं धरतं. काका म्हणाले, "आत्ता नको म्हणशील पोरी, वर गेल्यावर मागशील." यात 'वर' म्हणजे लेह असं मी समजून घेतलं.

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर 48 तास आराम करा असं तिथलं प्रशासनच सांगतं. आमच्या टूरवाल्यांनी त्याचा अर्थ असा लावला की उतरल्यावर जेवण, जेवणानंतर शांती स्तूप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खारदुंगला खिंड. मी मॅनेजरला म्हटलं, अहो एक दिवस तरी शरीराला सवय होऊ द्या, तर तो हसून म्हणाला, मॅडम आपले सगळे पॅक्स फिट आहेत. पॅक्स म्हणजे आम्ही.

आणि इथे काका मध्ये पडले. "सवय बिवय काही नसतं. इथे झाडं आहेत का? नाहीत. म्हणून ऑक्सिजन नाही. साधा हिशोब आहे."

मला गप्प बसता आलं असतं. पण पहाटे तीनला उठून विमान पकडलेलं, डोकं ठणकत होतं, त्यामुळे मी सांगायला गेले की काका, हवेत ऑक्सिजन डोंबिवलीत 21 टक्के आणि लेहलाही 21 टक्केच असतो, इथे हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश आहे, म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो, झाडांचा काही संबंध नाही.

"झाडांचा संबंध नाही?" काकांनी मागे वळून सगळ्या गाडीला विचारलं. "ऐकलंत? ऑक्सिजनचा आणि झाडांचा संबंध नाही म्हणतात."

"अहो मग भर समुद्रात मासेमारी करतात ते कोळी काय गुदमरतात का? तिथे कुठे झाडं आहेत?"

काका क्षणभर थांबले. मला वाटलं जिंकले.

"समुद्रात शेवाळ असतं," काका म्हणाले.

आणि दुर्दैव असं की समुद्रातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं हे खरंच आहे, सगळ्यांना शाळेतलं अर्धवट आठवत होतं, त्यामुळे गाडीत चक्क टाळ्या पडल्या. मागच्या सीटवरची एक ताई म्हणाली, काका तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं. तिथून पुढे सगळ्या सहलीत आरोग्य खातं काकांकडे.

रोज नाश्त्याला ऑक्सिमीटरची परेड. एका हातात पोह्यांची डिश, दुसरा हात काकांच्या स्वाधीन, आणि काका आकडा मोठ्याने वाचणार. काकू 93, त्या कायम पहिल्या. काका 92. जिमवाला एक पोरगा होता, दंडावर वाघाचा टॅटू, तो 87. मी 84. लेहच्या उंचीवर पहिल्या दिवशी पंचाऐंशीच्या आसपास आकडा येणं काही जगावेगळं नाही, आणि बोटं गार असली तर हे यंत्र काहीही दाखवतं, माझी बोटं तर बर्फ झालेली. पण ऐकायला कोण मोकळं आहे. काकांनी तिथेच माझं बारसं केलं, चौऱ्याऐंशी मॅडम. "काय, चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून आलात वाटतं?" हा विनोद त्यांनी लेहला केला, नुब्राला केला आणि पँगाँगलाही केला, आणि लोक तिन्ही ठिकाणी हसले.

मला सल्फाची ॲलर्जी आहे म्हणून माझ्या डॉक्टरांनी डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी, नको सांगितलेलं, हळूहळू चढा, पडून राहा, बाकी काही नको. म्हणून दुपारी मी शांती स्तूपाला न जाता खोलीत पडले, तर संध्याकाळी काका दारात. "हिंमत लागते बाई डोंगरात." मी त्यांना सांगितलं की 1962 च्या युद्धानंतर आपल्या जवानांना घाईने उंचावर न्यावं लागलं, तेव्हा लष्करातल्या डॉ. इंदर सिंग यांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास केला, 1969 मध्ये तो न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला, तरणीताठी पोरं आजारी पडलेली, इथे दमाचा आणि हिंमतीचा काही उपयोग नसतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण त्यांच्याकडे कापूर नव्हता ना."

यावर काय बोलणार.

तेवढ्यात काकांचं लेहच्या एका दुकानदाराशी भांडण झालं ते सांगायचं राहिलं. थम्सअप घेतलं, एक घोट प्यायले आणि बाटली परत केली, म्हणे गॅसच नाही, नुसतं पत्र्याचं पाणी लागतंय, इथे नकली माल येतो. दुकानदाराने दुसरी फोडली, तीही नकली. तिसरी त्या बिचाऱ्याने स्वतः पिऊन दाखवली. शिवाय काकांना बोटांना मुंग्या येत होत्या, ओठांनाही, त्याचं त्यांना फार कौतुक, कापराने रक्ताभिसरण वाढलंय म्हणायचे. आणि दर तासाला गाडी थांबवायची, कारण थंडी.

खारदुंगला. जुन्या पाटीवर 18,380 फूट होतं, जीपीएसने मोजणारे 17,582 म्हणतात, काका अर्थातच 18,380 वाले. वर पोचलो आणि जिमवाला पोरगा रस्त्याच्या कडेला ओकला. मग कळलं की त्याचं डोकं आदल्या रात्रीपासून फुटत होतं, पण सांगणार कसं, सकाळच्या परेडला सगळ्यांसमोर नाव निघालं असतं, मग चौऱ्याऐंशी मॅडमच्या शेजारी बसायची पाळी. ड्रायव्हर लडाखी होता, शहाणा माणूस, त्याने कोणाला न विचारता गाडी नुब्राच्या बाजूला खाली घेतली. काकांनी उतारभर पोराच्या नाकाला पोटली धरून ठेवली. हुंडरला पोचेपर्यंत पोरगा उठून बसला, दोन कुबडांच्या उंटावर बसून रील काढली. हुंडर साधारण 3,100 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली. खाली उतरणं हाच यावरचा खरा उपाय, कापराने फक्त नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन काडीचा वाढत नाही. पण रात्री शेकोटीजवळ सत्कार काकांचा. शाल मॅनेजरने दिली. ड्रायव्हर गाडीत झोपला होता.

पँगाँग सव्वाचार हजार मीटरवर. रात्री टेंटबाहेर टॉयलेटच्या रांगेत मी आणि काकू, दोघी कुडकुडत. काकू म्हणाल्या, "अगं त्या गोळीने फारच जावं लागतं नाही?" मी विचारलं कुठली गोळी. तर काकूंनी आधी इकडेतिकडे बघितलं. त्यांच्या मुलाने डॉक्टरांकडून दोघांसाठी लिहून आणलेली, डायमॉक्स, अर्धी सकाळी, अर्धी रात्री, निघायच्या आदल्या दिवसापासून. "हे इंग्लिश औषध घेत नाहीत ना, म्हणून मी व्हिटॅमिन सांगून देते."

नकली थम्सअप, मुंग्या, तासातासाला थंडी, 92! या गोळीने लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात आणि सोड्याचा गॅस जिभेला कळेनासा होतो, सगळं जसंच्या तसं. तीन बाटल्या फोडणाऱ्या त्या दुकानदाराची माफी कोण मागणार, हे माझ्या मनात पहिलं आलं. दुसरं हे की माणसाला न सांगता औषध द्यायचं, उद्या त्याला माझ्यासारखी ॲलर्जी निघाली तर? पण काकूंनी तिथल्या तिथे शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही, आणि तेवढ्यात दार उघडलं.

म्हणजे बघा, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे खोलीत पडून राहिले ती मी भित्री, गोळी खाऊन कापूर वाटणारे ते धन्वंतरी, आणि डोकं दुखतंय हे न सांगणारा तो मर्द. हसण्यासारखं आहे, पण खरं सांगायचं तर मला त्या पोराची अजून धास्ती वाटते. डोकेदुखी लपवून माणूस वर चढत राहिला की फुप्फुसात पाणी होतं, मेंदूला सूज येते, आणि मग पोटली धरायला नाक उरत नाही. विमान उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खिंडीत नेणारे हे टूरवाले पैसे घेतात आणि पुन्हा वर 'पॅक्स फिट आहेत' म्हणतात. माझ्या 84 वर हसायला यांना वेळ होता, त्या पोराला एकदा बाजूला घेऊन विचारायला नव्हता.

आज सकाळी काकूंचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. 'हे पुढच्या वर्षी एव्हरेस्ट बेस कॅम्प म्हणतायत. कापूर दोन किलो मागवलाय. तिथे हीच गोळी चालते का गं? आणि पूड करून चहात टाकली तर चालेल का? कारण ते व्हिटॅमिन त्यांना आवडलंय, कायमचं चालू करू म्हणतात.'

मी लिहिलं, काकू, ते डॉक्टरांनाच विचारा, आणि आता काकांना सांगून टाका.

अंगठा आला. खाली लिहिलेलं, 'नको गं, त्यांचं बीपी वाढेल.'