यान आणि भाला एकत्र नांदू शकतात

विज्ञानकथांची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हटकून पुढे येतो आणि भराभर शेअर होतो. तो थोडक्यात असा. ज्या समाजाकडे ताऱ्यांपर्यंत पोचणारी यानं आहेत, तो समाज द्वंद्वयुद्धानं राजा ठरवेल, देवाला माणसं बळी देईल, कुळाच्या अब्रूसाठी गळे कापेल, हे शक्यच नाही. का, तर तंत्रज्ञान विज्ञानातून येतं आणि विज्ञान मोकळ्या विचारातून. शिवाय यंत्रं आली की जुन्या रूढी आपोआप गळून पडतात. रानटी टोळीला असली यंत्रं बनवताच येणार नाहीत, आणि बनवलीच तर ती टोळी स्वतःलाच संपवून टाकेल. म्हणून असं जग रंगवणारा लेखक आळशी, आणि ते मान्य करणारा वाचक भोळा.

यातलं प्रत्येक विधान ऐकायला पटण्यासारखं आहे, म्हणूनच ते पसरतं. मला मात्र ते मनापासून खटकतं. त्यामुळे काही चांगल्या कथा उगाच हिणवल्या जातात, हे झालंच. त्याहून वाईट म्हणजे हातातलं यंत्र हेच आपल्या माणुसकीचं प्रमाणपत्र आहे, असा समज त्यातून पक्का होतो. एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, विज्ञानाला मोकळा समाज लागतो. ग्रह सूर्याभोवती किती काळात फिरतो आणि तो सूर्यापासून किती लांब आहे, यांचं नातं सांगणारा जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा तिसरा नियम १६१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्याच्या आईवर, काथारीनावर, ती चेटकीण असल्याचा आरोप होता. प्रकरण १६१५ पासून धुमसत होतं. १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला अटक झाली आणि ती चौदा महिने कैदेत राहिली. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून, ती कशी चालवतात हे सांगून कबुली मागितली गेली. ती बधली नाही, म्हणून १६२१ मध्ये सुटली. आता यातला बारकावा बघा. तिचा बचाव तयार करण्यात खुद्द केप्लरनं भाग घेतला होता, पण त्या बचावात ‘चेटकिणी नसतातच’ असा दावा नाही. या बाईवरचे आरोप टिकत नाहीत, लोकांच्या आजारपणांना साधी नैसर्गिक कारणं आहेत, असा तो बचाव आहे. आकाशाचं गणित सोडवणारा माणूस आणि चेटकीण जाळणारा गाव एकाच काळात, एकाच घराच्या उंबऱ्याशी उभे होते.

कुणी म्हणेल, ते जुनं झालं, तेव्हा विज्ञान बाल्यावस्थेत होतं. मग विसावं शतक घ्या. २० जून १९४४ रोजी एक जर्मन व्ही-२ रॉकेट शंभर किलोमीटरच्या वर गेलं. अवकाशात पोचलेली ही माणसानं बनवलेली पहिली वस्तू. ही रॉकेटं नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या भुयारांत गुलाम कैद्यांकडून जोडून घेतली जात. त्या मिटेलबाउ-डोरा छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० माणसं कोंबली गेली, आणि त्यातली सुमारे २०,००० मेली. याच नाझी राजवटीतला एसएस दलाचा प्रमुख हिमलर जुन्या चेटकीण-खटल्यांच्या नोंदी गोळा करायला माणसं नेमत होता, आणि विश्व बर्फापासून बनलं आहे या खुळचट सिद्धांताला आश्रय देत होता. रक्तशुद्धीचा पंथ, गुलामगिरी आणि अवकाशात जाणारं यंत्र, तिन्ही एका छताखाली. एखाद्या लेखकानं हे कल्पनेतून रचलं असतं, तर याच युक्तिवादानं त्याची पानं फाडली असती.

सोव्हिएत संघाचं उदाहरण वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त बोलकं. १९४८ मध्ये तिथे आनुवंशिकीशास्त्र अधिकृतपणे हद्दपार झालं. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मेला होता. पण आनुवंशिकीवरच्या बंदीच्या पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्याच राज्यानं अणुबॉम्बची चाचणी केली. १९५७ चा स्पुतनिक ज्या रॉकेट-इंजिनिअर कोरोल्योवच्या हाताखाली उडाला, तो कोलिमाच्या कैदी छावणीतून आणि नंतर ‘शराश्का’तून, म्हणजे कैदी इंजिनिअरांच्या डिझाइन कचेरीतून, आलेला माणूस होता. सत्तेला नको तिथे विचार दाबायचा आणि हवा तिथे राबवून घ्यायचा, हे जमतं. कायमचं जमेल असं मी म्हणत नाही. पण कथेला कायमचं लागतच नाही, दोन-तीन पिढ्या पुरतात.

दुसरा मुद्दा, यंत्रं आली की रूढी गळतात. कधी गळतात, हे खरं. पण तितक्याच वेळा यंत्र रूढीला नवं बळ देतं. १७९३ मध्ये अमेरिकेत एली व्हिटनीनं सरकी काढायचं यंत्र बनवलं. आखूड धाग्याच्या कापसातली सरकी हातानं सोडवायची म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस मूठभर रुईसाठी जायचा. यंत्रानं ते काम झपाट्यानं होऊ लागलं. याचा परिणाम काय व्हायला हवा होता? माणसांचे कष्ट वाचले, म्हणजे गुलामांची गरज घटली, असंच वाटेल. घडलं उलट. सरकी निघेना हीच खरी अडचण होती. ती दूर होताच कापूस पेरणं आणि वेचणं तुफान फायद्याचं झालं, आणि वेचणी तर हातानंच व्हायची. अमेरिकेत १७९० मध्ये सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६० मध्ये ते सुमारे ४० लाख झाले. त्यांनी वेचलेला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या वाफेवर चालणाऱ्या, जगातल्या सगळ्यांत आधुनिक गिरण्यांत जात होता. गुलामांचा मळा ही त्या आधुनिक साखळीची पहिली कडी होती. मळेवाले जुनाट राहिले म्हणून यंत्रापासून लांब राहिले, असं अजिबात नव्हतं.

छपाईचंही तेच. छापखान्यानं ज्ञान पसरवलं हे शाळेत शिकवतात. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांचे खटले कसे चालवावेत याचं मार्गदर्शन करणारा ग्रंथही छापखान्यातूनच निघाला, आणि पुन्हा पुन्हा छापला गेला. युरोपातल्या चेटकीण-शिकारीचा सगळ्यांत भयंकर काळ हस्तलिखितांच्या अंधारातला नाही. तो छापील पुस्तकांच्या आणि पहिल्या दुर्बिणींच्या काळातला आहे.

तिसरा मुद्दा, रानटी टोळीला असली यंत्रं बनवता येणार नाहीत. यात वापरणारा आणि बनवणारा एकच, असं गृहीत धरलंय. १८२० मध्ये न्यूझीलंडचा माओरी सरदार होंगी हिका इंग्लंडला गेला, तिथल्या राजाला भेटला आणि परतीच्या वाटेवर सिडनीत बंदुका जमवून घरी आला. पुढे न्यूझीलंडच्या टोळ्यांमध्ये जी युद्धं पेटली, ती जुन्या वैरांची आणि जुन्याच सूडनियमांची होती, हत्यार तेवढं नवं होतं. बंदुका घेण्यासाठी टोळ्या हारकेके नावाच्या झाडाचा वाख काढून व्यापाऱ्यांना देत.

आणि उसनं आणलेलं हत्यार कायम उसनंच राहतं असंही नाही. १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांसोबत तोड्याची बंदूक आली. तिथल्या लोहारानं नळी ठोकून काढली, पण नळीचं मागचं टोक आट्याच्या स्क्रूनं बंद कसा करायचा, हे त्याला उमगेना. ते कसब पुढे एका परदेशी कारागिराकडून मिळालं, असं तिथला जुना वृत्तांत सांगतो. अडलं ते एका स्क्रूपाशी, सामुराईंच्या मूल्यांपाशी नाही. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागा या सरदाराच्या बंदूकधाऱ्यांनी ताकेदा या शत्रू घराण्याच्या घोडदळाची धूळधाण केली. मालकाशी इमान, शत्रूचं मुंडकं कापून आणणं, पोट फाडून मरणं, हे सगळं बंदुकीच्या शेजारी सुखानं चालू राहिलं.

या मुद्द्यात एक गोष्ट मात्र रास्त आहे. बंदुकीला दारू लागते, यंत्राला सुटे भाग लागतात, दुरुस्ती करणारा लागतो. एखाद्या कथेत टोळीवाले पिढ्यान् पिढ्या यानं उडवतायत आणि इंजिन बिघडल्यावर कुणाकडे जायचं याचा पत्ता नसेल, तर ती कथा खरंच कच्ची आहे. पण तो दोष कारखान्याचा हिशेब न मांडल्याचा आहे, संस्कृती चुकीची निवडल्याचा नाही. गुलाम कारागीर, बंदिस्त पुरोहितवर्ग, दूरवरचे व्यापारी, यांतलं काहीही दाखवा, हिशेब जुळतो.

चौथा मुद्दा, असा समाज स्वतःला संपवेल. अण्वस्त्रं बाळगणारी राष्ट्रं १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगातून वाचली ती संस्कृतीच्या उंचीमुळे, असं म्हणायची माझी तयारी नाही. दहशत, वाटाघाटी आणि नशीब यांनी तारलं. उलट ठरीव नियमांचं द्वंद्वयुद्ध हिंसेला बांध घालतं, कारण दोन माणसं लढतात आणि दोन सैन्यं थांबतात. ‘ड्यून’ या १९६५ च्या कादंबरीत ही जुळणी फार विचारानं केली आहे. सरदार घराण्यांकडे अण्वस्त्रं आहेत, पण ती माणसांवर वापरायची नाहीत असा करार आहे. अंगाभोवतीचं कवच वेगानं येणारी वस्तू अडवतं, म्हणून गोळी फुकट जाते आणि हळू सरकवलेली सुरी आत शिरते. कवचावर किरणशस्त्र चालवलं तर असा स्फोट होऊ शकतो की मारणाराही उरत नाही. इतकं मांडल्यावर सुरीची विद्या शिकणारे सरदारपुत्र मागासलेले वाटत नाहीत, त्यांच्या जगात तेच शहाणपणाचं आहे.

या चारही मुद्द्यांच्या तळाशी एक जुनी शिडी आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गननं १८७७ मध्ये मानवजातीच्या पायऱ्या लावल्या, रानटी, अर्धसंस्कृत, सुसंस्कृत अशा, आणि पहिल्या दोन्हींत पुन्हा खालची, मधली, वरची अशा पोटपायऱ्या. धनुष्यबाण आले की एक पायरी, मडकी घडवता आली की पुढची, लोखंड गाळता आलं की आणखी वरची. समाजाची प्रगती त्याच्या हत्यारांवरून मोजायची, असं एकदा ठरलं की पुढारलेलं यंत्र आणि मागासलेली रीत यांची जोडी विसंगत दिसणारच. पण ही मोजपट्टी किती फसवी होती ते बघा. पॉलिनेशियन लोकांकडे धनुष्यबाण आणि मडकी नाहीत म्हणून मॉर्गननं त्यांना रानटीपणाच्या मधल्या पायरीवर बसवलं. याच लोकांनी तारे, लाटांचा रोख आणि पक्ष्यांची ये-जा वाचत जोडहोड्यांतून प्रशांत महासागर पालथा घातला होता, हवाई, रापा नुई (ईस्टर बेट) आणि न्यूझीलंड वसवलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या इंकांकडे लिपी नव्हती, गाडीचं चाक नव्हतं, लोखंड नव्हतं. तरी सुमारे ४०,००० किलोमीटरचं रस्त्यांचं जाळं आणि गाठींच्या दोऱ्यांवर चालणारा राज्याचा हिशेब होता. आणि डोंगरमाथ्यावर मुलं बळी देण्याची प्रथाही होती. यांना कुठल्या पायरीवर बसवणार?

हा युक्तिवाद खूप फिरला तो ‘ब्लॅक पँथर’ या २०१८ च्या चित्रपटावरून. जगात सर्वांत पुढारलेलं तंत्रज्ञान असलेला वाकांडा हा काल्पनिक आफ्रिकी देश धबधब्याच्या कड्यावर भाल्यांनी राजा ठरवतो, हे हास्यास्पद आहे, असं लोक आजही लिहितात. त्यांनी तो प्रसंग नीट बघावा. राज्याभिषेकाच्या वेळी बहुतेक टोळ्या आव्हान देण्याचा हक्क सोडून देतात. प्रथा जवळजवळ उपचारापुरती उरली आहे. राजाच्या अंगातली औषधी वनस्पतीची ताकद आधी उतरवली जाते, म्हणजे निदान त्या क्षणी दोघं सारखे. अशी प्रथा टिकते ती लोक बावळट असतात म्हणून नव्हे, तर वेगवेगळ्या टोळ्यांना एका गादीखाली ठेवणारा तो जुना करार आहे म्हणून. आणि परदेशात वाढलेला खलनायक किलमाँगर आत येतो तो याच दारानं. तो राजघराण्यातला आहे, त्याला आव्हानाचा हक्क आहे, तो जिंकतो, आणि एका दुपारीत साऱ्या देशाची शस्त्रं त्याच्या हाती जातात. राजाच्या अंगरक्षकांची प्रमुख ओकोये हिला हे पटत नाही, तरी ती गादीशी इमान राखून त्याच्यामागे उभी राहते. हरलेला राजा जिवंत परततो आणि द्वंद्व अजून संपलेलं नाही हे डोळ्यांसमोर दिसत असताना किलमाँगर ते पुढे चालवायला नकार देतो, तेव्हाच ती त्याच्यावर उलटते. प्रथेचं बळ आणि प्रथेतलं भगदाड, दोन्ही इतक्या स्पष्ट दाखवलेल्या कथेला ‘लेखकाला सुचलं नाही’ असं म्हणणं अन्याय्य आहे.

त्या चित्रपटाबद्दल माझी तक्रार दुसरीच आहे. खाणीत उतरणारे, बाजारात बसणारे, कड्यावरच्या त्या सोहळ्याला ज्यांना कधी बोलावणं जात नाही, त्या वाकांडावासीयांना आपला राजा असा ठरतो याबद्दल काय वाटतं, हे आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.